रानाची ओळख : कर्जत-खालापूरचे वैदू आणि त्यांचं ज्ञान



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी सगळी नोकरी डोंगरातल्या शाळांत केली. म्हणून आज वाडीवरच्याच माणसाबद्दल बोलावं असं मी ठरवलं. विषय आहे ठाकर आणि कातकरी वाड्यांवरचा वैदू. मी वनस्पतीशास्त्राचा शिक्षक. झाडांची लॅटिन नावं मी कॉलेजात शिकलो, पण झाड ओळखायचं कसं हे मला या भागातल्या वैदूंनी शिकवलं.

बाहेरचा माणूस भगत, वैदू आणि सुईण यांची सरमिसळ करतो. वाडीवर तसं होत नाही. भगत देवाचं बघतो, तांदळाचे दाणे मांडून घरावर काय आलंय ते सांगतो. वैदू पाला-मुळी देतो. सुईण बाळंतपण करते आणि बाळंतिणीची, तान्ह्याची औषधं तिच्याकडे असतात. कधी एकच माणूस यातली दोन कामं करतो, पण कोणत्या दुखण्याला कोणाच्या दारात जायचं हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. वैदूच्या औषधाचे पैसे ठरलेले नसतात. गुण आला की माणूस नारळ, पायलीभर भात, नाहीतर तंबाखू घेऊन येतो. मागून घेतलं तर हाताचा गुण जातो, असं जुने लोक मानतात. या समजुतीमुळे एक फार मोठी गोष्ट साधली गेली : औषध देणाऱ्याला रोगी जास्त दिवस आजारी ठेवण्यात काही फायदा उरला नाही.

एक औषध कसं दिलं जातं ते जरा सविस्तर सांगतो. श्रावणाच्या तोंडाला झऱ्याचं पाणी गढूळ होतं आणि वाडीवर आव सुरू होते. अशाच दिवसांत माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला एका वयस्क ठाकर वैदूबरोबर मी रानात गेलो होतो. त्यांना कुड्याची साल हवी होती. वाटेत एक झाड दिसलं. चीक पांढरा, पानं समोरासमोर, शेंगा जोडीनं लोंबणाऱ्या. मी थांबलो. ते म्हणाले, "हा नाय. शेंगांची टोकं बघा." शेंगांची जोडी टोकाशी एकमेकीला चिकटलेली होती. तो काळा कुडा. पुढे ओढ्याच्या काठाला पांढरा कुडा भेटला, त्याच्या शेंगा टोकाला सुट्या. शेंगा नसतील तेव्हा सालीचा कण जिभेवर ठेवायचा. पांढऱ्याची साल कडूजहर लागते. शहरातल्या काष्ठौषधीच्या दुकानात एकाचं बी कडू इंद्रजव म्हणून विकलं जातं, दुसऱ्याचं गोड इंद्रजव म्हणून, आणि सालीत मात्र दोन्हींची भेसळ सर्रास होते. आवेवर चालतो तो पांढरा.

झाडाच्या बुंध्याशी त्यांनी चार तांदूळ ठेवले, ओठातल्या ओठात काही म्हटलं, आणि कमरेच्या आकडीतला कोयता काढला. दोन बोटं रुंदीची सालीची पट्टी उभी काढली, एकाच बाजूची, आणि उघड्या जागेवर ओली माती थापली. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीच्या आतल्या थरातून. खोडाभोवती गोल साल काढली की मुळं उपाशी मरतात आणि झाड वाळतं. हे मी वर्गात आकृती काढून शिकवत आलो. त्यांच्याकडे आकृती नव्हती, पण त्यांच्या वडिलांनी साल काढलेली झाडं अजून उभी होती.

घरी आल्यावर साल सहाणेवर ताकात उगाळली. मात्रा वळशांवर : तान्ह्याला किती वळसे, चालत्या मुलाला किती, बाप्याला किती. पण त्याआधी त्यांनी मुलाच्या आईला बरंच विचारलं. कधीपासून? रक्त पडतंय का? अंग गरम आहे का? पाणी कुठल्या झऱ्याचं पिता? लघवी होते का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर "नाही" आलं असतं, तर औषध न देता दवाखान्यात न्यायला सांगितलं असतं, असं ते नंतर मला म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी न बोलावता ते त्या घरी जाऊन मुलाला बघून आले.

पांढऱ्या कुड्याच्या सालीतल्या कॉनेसीन या द्रव्याचा आमांशाच्या अमिबावर परिणाम होतो, हे विसाव्या शतकात प्रयोगशाळांनी दाखवून दिलं. अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. अडुळशातल्या व्हॅसिसीनवरून खोकल्याच्या औषधांतलं ब्रोमहेक्सिन घडलं. सह्याद्रीत मिळणाऱ्या अमृता किंवा नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसीन सापडतं, आणि त्या द्रव्यावरून कर्करोगाची औषधं तयार झाली. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबाच्या रुग्णांवरचे सर्पगंधेचे अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि सगळ्या जगाचं लक्ष त्या मुळीकडे गेलं. ही यादी अभिमानाने सांगितली जाते, मीही सांगत आलो. पण ती ऐकताना असं वाटू लागतं की वैदूची किंमत त्याच्या झाडातून कारखान्याला काय मिळालं यावरून ठरते. मला ते मान्य नाही. त्या श्रावणात मी पाहिलं त्यात कॉनेसीन होतं, आणि झाडाची पारख, सालीचं माप, आईला विचारलेले प्रश्न, दुसऱ्या दिवशीची फेरी हेही होतं. कारखान्यात यातलं पहिलंच जातं.

पुराव्यासाठी गुळवेलीकडे बघा. २०२० मध्ये करोना आला आणि घरोघरी गुळवेलीचा काढा उकळू लागला. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांच्या संस्थेने वनधन योजनेतून गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना पुरवली. त्यांना दीड कोटींच्या मागण्या मिळाल्याचं सरकारनेच प्रसिद्ध केलं. वीटभट्टीवर राबणाऱ्या समाजातली मुलं स्वतःच्या धंद्यावर उभी राहिली, ही मला मनापासून आनंदाची गोष्ट वाटते. पण त्याच काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी काही रुग्णांत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल. पुढे अनेक रुग्णालयांतला मोठा अभ्यास आला आणि खरी गुळवेलही काही जणांना बाधते, असं त्यात दिसलं. आपल्या वैदूंकडे मी गुळवेल दिलेली पाहिली आहे, ती तापात, थोडी आणि चार-सहा दिवस. वर्षभर रोज सकाळी उपाशीपोटी पिण्याचा सल्ला रानातून आलेला नाही, तो बाजारातून आला. माणूस बघून मात्रा ठरवणारा मधून गेला की औषधही बदलतं.

आता थोडं दूर जाऊ. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात उकायाली नावाची नदी आहे, अॅमेझॉनला जाऊन मिळणारी. तिच्या काठावर शिपिबो लोक राहतात. त्यांच्या वैदूला ओनान्या म्हणतात. शिकणारा माणूस कित्येक महिने वस्तीपासून दूर राहतो, मीठ, साखर, डुकराचं मांस, स्त्रीसंग वर्ज्य करतो, आणि एकेका झाडाची सेवा करतो. त्या काळात झाड त्याला गाणं देतं, अशी श्रद्धा आहे. पुढे रोग्यासमोर बसून तो तीच गाणी गातो. त्यांचं जगभर गाजलेलं औषध म्हणजे आयाहुआस्का हा काढा. एका वेलीचं खोड आणि दुसऱ्या झुडपाची पानं एकत्र उकळतात. नुसती पानं पोटात गेली तर त्यातल्या द्रव्याला शरीरातलं एक विकर निकामी करून टाकतं. वेलीतली द्रव्यं त्या विकरालाच रोखतात, म्हणून काढा चढतो. हजारो झाडांच्या जंगलात नेमकी ही जोडी कशी सापडली, याचं जगाला नवल वाटतं.

ते नवल आपल्या तालुक्यात दर मिरगाला बाजारात बसलेलं असतं. पहिल्या पावसात वर येणारी शेवळं आपण सगळेच खातो. शेवळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला खाजतात. ही खाज मारायला ठाकरीण आणि कातकरीण शेवळांच्या जुडीबरोबर काकडाची फळं देते, आणि नवखं गिऱ्हाईक असेल तर बजावून देते. शेवळं जमिनीतून येतात, काकडं झाडावरून. ही जोडी ज्यांनी लावली त्यांची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत.

शिपिबोंची आणि आपली तुलना मी करतो ती आणखी एका कारणासाठी. १९८६ साली एका अमेरिकन माणसाने आयाहुआस्काच्या वेलीच्या एका वाणावर पेटंट मिळवलं. अॅमेझॉनच्या आदिवासी संघटना भांडल्या, १९९९ मध्ये ते रद्द झालं, २००१ मध्ये पुन्हा दिलं गेलं आणि २००३ मध्ये मुदत संपून विझलं. आपल्याकडे हळदीचं झालं ते सगळ्यांना माहीत आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. हळद आपण जिंकलो, अॅमेझॉनचे आदिवासी इतके स्वच्छ का जिंकले नाहीत? कारणं अनेक आहेत, पण एक साधं आहे. आपल्याकडे दाखवायला छापील कागद होते. त्याच धड्यातून पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला, त्यात संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथांतले योग नोंदवले गेले. मोठं काम झालं. मात्र ज्या ज्ञानाला ग्रंथ नाही, ते त्या संग्रहाच्या दाराबाहेर राहिलं. ठाकरांचं ज्ञान बाहेर राहिलं, कातकऱ्यांचं बाहेर राहिलं.

ही रेघ कायद्यातही उतरली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्याला स्थानिकांना लाभाचा वाटा देण्याच्या बंधनातून तिने सूट दिली. मग ज्या ग्रंथातलं ज्ञान मूळ रानातूनच गेलं, त्याचं काय? आपले आयुर्वेदाचे जुने ग्रंथच सांगतात की औषधी ओळखायची तर गुराखी, मेंढपाळ, वनवासी यांना विचारा. ज्याने सांगितलं त्याचा वाटा नाही, ज्याने लिहून घेतलं त्याला सूट, हा न्याय मला पटत नाही, आणि तो मी इथे जाहीरपणे नाकारतो.

शिपिबोंच्या वाट्याला आणखी एक संकट आलं, पैशाचं आणि प्रसिद्धीचं. परदेशी लोक काढा प्यायला येऊ लागले, नदीकाठी केंद्रं उभी राहिली. पेरूने २००८ मध्ये आयाहुआस्काच्या पारंपरिक ज्ञानाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा ठरवलं. दहाच वर्षांनी, १९ एप्रिल २०१८ रोजी, ऑलिव्हिया अरेव्हालो लोमास या ८१ वर्षांच्या नामवंत शिपिबो गायिका-वैदूला तिच्या वस्तीत गोळ्या घालून मारलं गेलं. संशय विद्या शिकायला आलेल्या एका कॅनेडियन माणसावर गेला आणि जमावाने त्याला ठार केलं. कर्जतच्या फार्महाऊसच्या पाट्यांवर हल्ली 'जंगल हीलिंग'ची जाहिरात दिसते तेव्हा मला उकायालीचा काठ आठवतो. तुमच्या रिसॉर्टमधल्या पाहुण्यांसमोर वैदूला डोक्याला पीस लावून बसवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या वैदूवर मात्र प्रसिद्धीची नाही, परागंदा होण्याची वेळ आली, आणि तिला दीडशे वर्षं होत आली. खैराच्या लाकडाचा कात पाडणारे ते कातकरी. जंगल राखीव झालं, १८७८ च्या वन कायद्याने कुऱ्हाड आणि भट्टी दोन्हींवर बंदी आली, डोंगरउतारावरची दळीची शेती गेली. १९३० मध्ये चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळी खाऊन मेलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. १९३० च्या दशकाअखेरीस सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात सावकार, मक्तेदार आणि वेठ यांखाली आदिवासी कसे भरडले जातात ते स्पष्ट लिहिलं. रान गेल्यावर कातकरी कोळशाच्या भट्टीवर गेला, मग वीटभट्टीवर. दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. वैदूचं पोर वडिलांमागे रानात फिरून शिकतं. कुठली मुळी थंडीत काढायची, कुठली साल फुलोऱ्यानंतर, हे चालता चालता कळतं. वर्षातले सहा-सात महिने भट्टीवर गेले आणि उरलेले आश्रमशाळेत, तर ते पोर चालणार कधी? शाळा हवीच, गुरुजींच्या व्याख्यानमालेत वेगळं कोण म्हणेल? पण आश्रमशाळेच्या दहा वर्षांत त्याला एकदाही कोणी विचारत नाही की तुझ्या आजाला कुठली झाडं ठाऊक आहेत.

असं विचारणारी माणसं आपल्याच भागात होऊन गेली, हे आवर्जून सांगायला हवं. ल. ना. चापेकरांनी सह्याद्रीतल्या ठाकरांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो १९६० साली निघाला. पुढे १९८० च्या दशकात कशेळ्याच्या अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्समध्ये दर्शन शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाकरांच्या औषधी ज्ञानावर काम केलं, वनौषधींची रोपवाटिका उभारली. लोकस्वास्थ्य परंपरांचं एक देशव्यापी जाळं त्या कामातून तयार झालं. दर्शन शंकर पुढे बंगळुरूला गेले, तिथे १९९० च्या दशकात मोठी संस्था उभी राहिली. तिचं बी कर्जतच्या मातीत रुजलं होतं, हे इथल्या किती तरुणांना ठाऊक आहे?

आता जे बोललंच पाहिजे ते बोलतो. साप चावला तर वैदूकडे जायचं नाही. दवाखान्यात जायचं, तातडीने, प्रतिसर्पविष असेल तिथे. विंचवाचंही तेच. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावसकरांनी लाल विंचवाच्या दंशाने मुलं मरताना पाहिली, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्याचे अनुभव लॅन्सेटमध्ये मांडले. त्याआधी मुळ्या उगाळून बांधल्या जात होत्या आणि मुलं दगावत होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरला, आणि ते योग्यच झालं. बिब्ब्याने कातडी भाजते. कळलावीचा कंद जीव घेतो. मी भेटलो त्या जाणत्या वैदूंना या मर्यादा ठाऊक होत्या. कोणतं दुखणं आपलं नाही हे ते लगेच सांगत. अर्धवट शिकलेला मात्र सगळ्यालाच हात घालतो, आणि शिकण्याची साखळी तुटली की असेच लोक वाढतात. म्हणून वैज्ञानिक दृष्टी मानणाऱ्यांनीही या परंपरेतल्या खऱ्या जाणकाराची काळजी केली पाहिजे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता म्हणून जाहीर झाली. ती ठाकरांची वाडी. त्या माणसांबरोबर इर्शाळगडाच्या उतारावरची किती वाटांची, झऱ्यांची, कंदांची माहिती गेली याचा पंचनामा कुठल्याही सरकारी कागदात होऊ शकत नाही. वाचलेल्यांना चौकजवळ पक्की घरं मिळाली, ती मिळायलाच हवी होती. दरडीखालच्या वाड्या खाली आणाव्याच लागतील. पण घर खाली आलं तरी वरच्या रानावरचा हक्क खाली येता कामा नये. एकदा वाडी उठली, मध्ये प्लॉटचं कुंपण आलं, गेटवर वॉचमन बसला, की पांढऱ्या कुड्यापर्यंत जायची वाटच बंद होते.

तो हक्क कागदावर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट) मध्ये, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या 'के' पोटकलमात, जैवविविधतेपर्यंत पोचण्याचा आणि तिच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावरच्या सामूहिक बौद्धिक संपदेचा हक्क दिला आहे. जमिनीच्या दाव्यांसाठी आपल्याकडे मोर्चे निघाले, निघायलाच हवे होते. या पोटकलमाकडे मात्र फारसं कोणी वळलेलं नाही. दुसरीकडे ग्रामपंचायतींत लोक जैवविविधता नोंदवह्या आहेत. हरित लवादाचा रेटा आल्यावर त्यातल्या अनेक घाईने भरल्या गेल्या. आपापल्या पंचायतीतली नोंदवही मागा आणि वाचा. तिच्यात वाडीवरच्या एका तरी वैदूला, सुईणीला विचारून काही लिहिलंय का ते तपासा. लिहिलं नसेल तर लिहून घ्या, पण सगळं लिहू नका. कुठलं झाड तालुक्यात आहे, ते किती उरलंय, त्याची साल कशी काढायची हे नोंदवा. कोणत्या दुखण्याला कशाबरोबर किती द्यायचं हे उघड करायचं की नाही, हे वैदूने आणि त्याच्या ग्रामसभेने ठरवायचं.

माझ्या तीन मागण्या आहेत आणि त्या मी इथल्या लोकांकडेच करतो. वाडीवरच्या प्रत्येक ग्रामसभेने सामूहिक वनहक्काच्या दाव्यात जंगलातल्या औषधी झाडांची ठिकाणं आणि तिथे जाणाऱ्या वाटा नकाशावर काढून जोडाव्यात. आश्रमशाळांनी वैदूला महिन्यातून एक दिवस मानधन देऊन मुलांबरोबर रानात न्यावं, कुंडीतल्या तुळशीवर भागवू नये. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी आसपासच्या वैदूंना वर्षातून एकदा तरी बोलावून बसवावं, साप-विंचू, जुलाब, बाळंतपण यांत रोगी कधी पाठवायचा हे त्यांच्याशी बोलावं, आणि त्यांचंही ऐकून घ्यावं. वनहक्काच्या दाव्याला जोडायच्या ठरावाचा मराठी मसुदा मी वकील मित्रांकडून तपासून आणला आहे. त्याच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत. ज्यांच्या वाडीची ग्रामसभा या महिन्यात आहे, त्यांनी आधी घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही इथे थांबून तो वाचून दाखवणार आहोत.